शेतातला सोलर प्रकल्प: बुलढाण्यातल्या शेतकऱ्याला, गावाला आणि बेरोजगार तरुणाला नेमकं काय मिळतं?

डिसेंबरचा महिना. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. हरभऱ्याला पाणी द्यायचंय आणि या आठवड्यात लाईनची पाळी रात्रीची आहे. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, अंगावर घोंगडी घेऊन शेतकरी विहिरीकडे निघतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या हजारो घरांसाठी रब्बीचा हंगाम म्हणजे हेच चित्र. त्यात शेत ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपास असेल तर काळजी आणखी वाढते. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य अस्वलांसाठी ओळखलं जातं. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक वाघही शेकडो किलोमीटर चालत इथेच येऊन पोहोचला होता. साप, रानडुक्कर, अस्वल आणि अंधार, या सगळ्यांतून वाट काढत पिकाला पाणी द्यावं लागतं.

त्यामुळे 'सोलर आलं की दिवसा वीज मिळणार' हे वाक्य इथे फक्त सरकारी घोषणा राहत नाही. तो अनेकांच्या जिवाशी जोडलेला प्रश्न आहे. त्यासोबत आणखी दोन आश्वासनं दिली जातात. गावात पैसा येईल आणि तरुणांना काम मिळेल.

या तीन आश्वासनांपैकी कोणतं किती खरं आहे?

मुळात शेतीला रात्री वीज का मिळते?

महाराष्ट्रात सुमारे ४७ लाख कृषिपंप ग्राहक आहेत. हे सगळे पंप कारखान्यांसोबत दिवसा एकाच वेळी चालले, तर विजेची मागणी झेपणार नाही. म्हणून महावितरण शेतीच्या फीडरचे गट पाडतं आणि चक्राकार पद्धतीने थ्री फेज वीज देतं. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री.

याला दुसरं कारण कोळशावरच्या वीज केंद्रांचं आहे. शेगावपासून जवळच, अकोला जिल्ह्यातल्या पारसला महानिर्मितीचं ५०० मेगावॅटचं असं केंद्र आहे. अशी केंद्रं संध्याकाळी बंद आणि सकाळी सुरू करता येत नाहीत. रात्री शहरं झोपली, कारखान्यांची मागणी कमी झाली, तरी वीज तयार होतच राहते. ती वीज शेतीकडे वळवणं यंत्रणेला सोयीचं असतं.

या सोयीची किंमत शेतकरी झोप मोडून चुकवतो. वीज नेमकी कधी येईल याचा भरवसा नसल्याने अनेक जण पंपाला ऑटोस्विच लावतात. मग वीज आली की एका डीपीवरचे सगळे पंप एकदम सुरू होतात, लोड वाढतो आणि डीपी जळते. ती बदलून मिळेपर्यंत पीक सुकतं. जुन्या यंत्रणेचा हा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही.

सौर कृषी वाहिनी म्हणजे काय?

शेतीच्या फीडरला लागणारी वीज त्याच भागात, उन्हावर तयार करायची, ही 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने'ची कल्पना. योजना जून २०१७ मध्ये आली. अहिल्यानगरमधलं राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधलं कोळंबी इथे तिचे सुरुवातीचे प्रकल्प झाले. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. तिला 'सौर कृषी वाहिनी योजना २.०' म्हणतात.

यात शेतकऱ्याच्या पंपाला वेगळं पॅनल लावलं जात नाही. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर काही मेगावॅटचा प्रकल्प उभा राहतो. तिथली वीज थेट उपकेंद्रात जाते आणि तिथून शेतीच्या फीडरवर येते. पंप तोच, मीटर तोच, वायर तीच. बदलते ती विजेची वेळ.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या कार्यक्रमात या योजनेतल्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण केलं. त्यांची एकूण क्षमता १९ मेगावॅट होती. त्यातला ५ मेगावॅटचा एक प्रकल्प बुलढाणा जिल्ह्यातल्या पळशी बुद्रुकचा आहे. छत्रपती संभाजीनगरमधल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्पही याच पाचांत होता. एकट्या धोंदलगावच्या प्रकल्पातून १,७५३ शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळेल, असं तेव्हा सांगण्यात आलं.

५ मेगावॅट हा आकडा लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब पळशीएवढ्या आकाराचा प्रकल्प डोळ्यासमोर ठेवून केला आहे.

पैसा नेमका कुठे वाचतो?

विदर्भात १ मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला ढोबळमानाने १५ लाख युनिट वीज देतो. म्हणजे ५ मेगावॅटमधून साधारण ७५ लाख युनिट.

दूरच्या केंद्रातून आलेली वीज शेतापर्यंत पोहोचवण्याचा खर्च युनिटमागे सुमारे ८ रुपये येतो, असं सरकारकडून सांगितलं जातं. सौर कृषी वाहिनीतली वीज सरासरी ३ रुपयांच्या आसपास मिळते आणि करार २५ वर्षांचा असतो. कागदावर फरक ५ रुपयांचा. ७५ लाख युनिटला गुणलं तर वर्षाला पावणेचार कोटी रुपये.

पण हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. ८ रुपयांमध्ये खांब, तारा, गळती असा सगळा खर्च धरलेला असतो. सौर प्रकल्प आला तरी गावातले खांब आणि तारा राहतातच. दूरवरून वीज आणताना होणारी गळती मात्र टळते. त्यामुळे खरी बचत पावणेचार कोटींपेक्षा कमी असेल, पण ती असेल.

हा पैसा शेतकऱ्याच्या खिशात येतो का? थेट नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत वीज दिली आहे. त्यात सुमारे ४४ लाख शेतकरी येतात आणि त्यासाठी वर्षाला १४,७६० कोटी रुपये लागतील, असा तेव्हाचा अंदाज होता. शेतकऱ्याचं बिल शून्यावर आलेलं असल्यामुळे स्वस्त वीज त्याचं बिल आणखी कमी करू शकत नाही.

बचत होते ती सरकारी तिजोरीची. दुसरा संभाव्य फायदा उद्योगांचा. शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी उद्योग आणि दुकानांकडून जास्त दर घेतला जातो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. शेतीच्या विजेचा खर्च उतरला तर हा बोजा हलका करता येतो. खामगाव, मलकापूरच्या एमआयडीसीतल्या जिनिंग आणि दाल मिलसाठी युनिटमागे एक रुपयाही मोठा असतो. पण दर आपोआप कमी होत नाहीत. ते वीज नियामक आयोग ठरवतो. बचत खरोखर ग्राहकांपर्यंत आली का, हे प्रत्येक दरवाढीच्या आदेशात तपासावं लागतं.

शेतकऱ्याला मिळतं ते वेगळं. झोप, सुरक्षितता आणि वेळेवर पाणी. रब्बीत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आकाश बहुतेक वेळा निरभ्र असतं आणि पिकाला पाणीही तेव्हाच लागतं. पावसाळ्यात ढगांमुळे वीज कमी तयार होते, पण तेव्हा पंपही कमी चालतात. शेती आणि ऊन यांचं वेळापत्रक इथे बऱ्यापैकी जुळतं.

जमीन देणाऱ्याला किती मिळतं?

१ मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते. ५ मेगावॅटला २० ते २५ एकर. उपकेंद्राजवळची खासगी जमीन भाड्याने दिली तर वर्षाला हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार रुपये मिळतात. मूळ भाड्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ असते.

कोरडवाहू सोयाबीनशी तुलना करून बघू. एकरी ५ क्विंटल उतारा आणि २०२५-२६ च्या हंगामाचा ५,३२८ रुपये हमीभाव धरला तर हातात येतात २६,६४० रुपये. तेही हमीभाव मिळाला तर. त्यातून बियाणं, खत, फवारणी, मळणी वजा व्हायची असते. या हिशेबाने भाडं नक्कीच बरं आहे. मुरमाड, उताऱ्याच्या जमिनीसाठी तर फारच बरं.

पण करार २५ वर्षांचा असतो. दरवर्षी मूळ रकमेवर ३ टक्के वाढ म्हणजे ५० हजारांचे २५ व्या वर्षी ८६ हजार होतील. तोपर्यंत महागाई कुठे असेल आणि जमिनीच्या मालकीत किती वारस आलेले असतील, याचा विचार सही करण्याआधी करायला हवा.

ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प उभा राहतो तिला प्रोत्साहन म्हणून वर्षाला ५ लाख रुपये मिळतात. तीन वर्षांत एकूण १५ लाख. छोट्या ग्रामपंचायतीसाठी ही रक्कम लहान नाही.

मग तोटा कुणाचा?

प्रकल्पांसाठी सरकारी जमिनीला प्राधान्य दिलं जातं. विदर्भात गावाच्या अशा जमिनीला लोक 'ई-क्लास' म्हणतात. कागदावर ती पडीक किंवा गायरान असते. प्रत्यक्षात तिथे गावाची गुरं, शेळ्या चरतात. काही ठिकाणी भूमिहीन कुटुंबं वर्षानुवर्षं ती कसत असतात.

अशा जमिनीला कुंपण पडलं की शेळ्या राखणाऱ्या बाईला चाऱ्यासाठी लांब जावं लागतं. तिला भाडं मिळत नाही, कारण सातबारा तिच्या नावावर नाही. खासगी जमिनीच्या बाबतीतही तसंच. मालकाला भाडं मिळतं, पण तीच जमीन बटईने किंवा ठोक्याने करणाऱ्याचं आणि तिथे निंदायला, वेचायला जाणाऱ्या मजुरांचं काम जातं. गायरानावरच्या सौर प्रकल्पांना राज्यात काही गावांनी विरोध केला, त्यामागे हेच कारण होतं.

म्हणून जागा कोणती निवडली जाते, हा प्रश्न भाड्याच्या दराइतकाच महत्त्वाचा आहे.

आणि नोकऱ्या? इथे आकडे नीट वाचायला हवेत

सौर कृषी वाहिनी २.० मध्ये १६,००० मेगावॅट क्षमतेचं उद्दिष्ट आहे. त्यातून सुमारे ६५ हजार कोटींची गुंतवणूक आणि ७० हजार रोजगार येतील, असा सरकारचा अंदाज आहे.

पण एका प्रकल्पापुरतं बघितलं तर? सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या संस्थांनी २०१७ मध्ये भारतातल्या रोजगाराचा अभ्यास मांडला होता. त्यात 'जॉब-इयर' हे माप वापरलं आहे. एका माणसाला वर्षभर पूर्णवेळ काम मिळालं की एक जॉब-इयर.

या अभ्यासानुसार जमिनीवरच्या सौर प्रकल्पात १ मेगावॅटमागे ३.४५ जॉब-इयर तयार होतात. त्यातले २.७ फक्त उभारणीच्या काळातले असतात. खड्डे खणणं, स्ट्रक्चर उभं करणं, पॅनल बसवणं. प्रकल्प सुरू झाल्यावर देखभालीसाठी उरतो तो ०.५.

५ मेगावॅटचा हिशेब केला तर सुमारे १७ माणसांचं वर्षभराचं काम. त्यानंतर कायमचं काम दोन-तीन जणांना. एक-दोन सुरक्षारक्षक आणि पॅनल धुणारा, गवत कापणारा एखादा.

म्हणजे शेतातल्या सोलर प्रकल्पामुळे दिवसा वीज येते, भाडं येतं, सरकारचा पैसा वाचतो. पण गावातल्या शंभर तरुणांना त्यातून नोकरी मिळत नाही. तसं कुणी सांगत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवायला हवा.

पॅनल तयार करण्याचे कारखाने असतात तिथे मोठ्या संख्येने कामं असतात. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्था, म्हणजे आयरेना, हिच्या माहितीनुसार २०२३ मध्ये जगभरात अक्षय ऊर्जेत १ कोटी ६२ लाख रोजगार होते. त्यातले जवळपास ७४ लाख एकट्या चीनमध्ये आणि भारतात सुमारे १० लाख. पॅनल चीनमध्ये किंवा गुजरातमध्ये बनून आलं, तर ते बनवण्याचा रोजगारही तिथेच राहतो.

खरं काम छपरावर आहे

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. घरांच्या छपरावरच्या सोलरमध्ये १ मेगावॅटमागे २४.७२ जॉब-इयर तयार होतात. जमिनीवरच्या प्रकल्पाच्या सातपट.

तेच ५ मेगावॅट शेताऐवजी छपरांवर बसवले तर? ३ किलोवॅटच्या हिशेबाने साधारण १,६६६ घरं लागतील आणि सुमारे १२४ जॉब-इयर तयार होतील. १७ विरुद्ध १२४. अभ्यासाला काही वर्षं झाली आहेत, पॅनल मोठी झालीत आणि काम वेगवान झालंय, त्यामुळे आजचे आकडे कमी असू शकतात. पण फरकाचं कारण बदललेलं नाही.

कारण साधं आहे. प्रत्येक छप्पर वेगळं असतं. कुठे स्लॅब, कुठे टिनपत्रे, कुठे शेजारच्या लिंबाची सावली. प्रत्येक घरी जाऊन मोजमाप, कागदपत्रं, बँकेचं काम, फिटिंग, अर्थिंग, नेट मीटर हे सगळं करावं लागतं. ही कामं मुंबईतून किंवा अहमदाबादहून होत नाहीत. चिखली, मेहकर, जळगाव जामोदच्याच पोराला ती करावी लागतात.

छतावरच्या सोलरसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू झाली. त्यात १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा जास्त क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. १ किलोवॅटमधून महिन्याला साधारण १२० युनिट वीज मिळते. महिन्याला १०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये वरून जादा अनुदान जाहीर केलं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १ किलोवॅटसाठी ते १७,५०० रुपये आहे. केंद्राचे ३० हजार धरले तर सुमारे ५० हजारांच्या संचासाठी अशा कुटुंबाच्या खिशातून अडीच हजार जातात.

गावातल्या बहुतेक घरांचा वापर १०० युनिटच्या आतच असतो. अडचण अनुदानाची कमी आणि माहिती, कागदपत्रं, विश्वास यांची जास्त आहे. तिथेच स्थानिक माणसाचं काम सुरू होतं.

कोणती कामं, आणि त्यासाठी काय शिकावं लागतं?

पहिलं काम फिटिंगचं. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन केलेल्यांना ते लवकर जमतं. सोलर टेक्निशियन हा वेगळा ट्रेडही आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'सूर्यमित्र' प्रशिक्षणातही पॅनल बसवणं, तपासणं, दुरुस्त करणं शिकवलं जातं. डीसी करंट घरातल्या एसी करंटपेक्षा वेगळा वागतो, उंचीवर सेफ्टी बेल्टशिवाय चढायचं नसतं, अर्थिंग कमी पडलं तर काय होतं, हे शिकल्याशिवाय छपरावर जाणं धोक्याचं आहे.

दुसरं काम दुरुस्तीचं आणि ते सगळ्यात टिकाऊ आहे. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याने १० टक्के रक्कम भरायची असते. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांसाठी हा वाटा ५ टक्के आहे. अडीच एकरपर्यंत ३ एचपी, पाच एकरपर्यंत ५ एचपी आणि त्यापुढे साडेसात एचपीचा पंप मिळतो. पंप बसवणाऱ्या कंपनीवर पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी असते.

पण ऐन हंगामात पंप बंद पडला आणि कंपनीचा माणूस चार जिल्हे सांभाळत असेल, तर पीक त्याची वाट पाहत नाही. वादळात उलटलेली पॅनल, बिघडलेला कंट्रोलर, उंदराने कुरतडलेली वायर अशा तक्रारी येतच राहतात. पाच वर्षांनंतर तर हे सगळं काम उघड्या बाजारात येणार आहे. तालुक्याला प्रशिक्षित दहा-पंधरा मेकॅनिक असतील तर शेतकऱ्याचा पंप वेळेत सुरू होईल आणि त्यांचं घरही चालेल.

तिसरं काम जुन्या यंत्रणेच्या नूतनीकरणाचं. केंद्राची वीज वितरण सुधारणा योजना, म्हणजे आरडीएसएस, २०२१ पासून सुरू आहे. तिचा देशभराचा आराखडा ३ लाख कोटींच्या पुढचा आहे. फीडर वेगळे करणं, उपकेंद्रांची क्षमता वाढवणं, उघड्या तारांच्या जागी केबल टाकणं ही त्यातली कामं. फीडरच कमजोर असेल तर त्याच्या टोकाला कितीही चांगला सौर प्रकल्प उभारला तरी शेवटच्या पंपाला व्होल्टेज मिळत नाही.

सोलर आलं की सगळं सुटेल का?

नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, सूर्य संध्याकाळी मावळतो. घरातले दिवे, पंखे, टीव्ही यांची मागणी तेव्हाच वाढते. बॅटरीसारखी साठवणूक वाढेपर्यंत संध्याकाळच्या विजेसाठी पारससारखी केंद्रं लागणारच आहेत.

दुसरी, वीज आली म्हणजे पाणी आलं असं नाही. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांचा काही भाग येतो. तिथे जमिनीखालचं पाणीच खारं आहे. तिथल्या शेतकऱ्याला सौरपंपाआधी शेततळं किंवा कालव्याचं पाणी हवं.

तिसरी, वीज फुकट आणि दिवसा मिळाली की उपसा वाढतो. सौरपंपाला चालवण्याचा खर्चच नसतो, त्यामुळे तो बंद करायची घाई कुणाला नसते. ठिबक आणि पाण्याचा ताळेबंद सोबत नसेल तर विहिरी लवकर तळ गाठतील.

गावात प्रकल्प येणार असेल तर काय विचारायचं?

ग्रामसभेत विषय आला तर हे पाच प्रश्न विचारता येतात.

१. जमीन कोणती? ई-क्लास असेल तर तिथे आज गुरं कुणाची चरतात आणि त्यांची सोय कुठे होणार?
२. वीज कोणत्या फीडरवर जाणार आणि त्यावर आपल्या गावाचे किती पंप आहेत?
३. ग्रामपंचायतीचे ५ लाख कधी जमा होणार आणि कशावर खर्च होणार?
४. उभारणीच्या आणि देखभालीच्या कामात गावातल्या किती जणांना घेणार आणि ते करारात लिहिलंय का?
५. बिघाड झाल्यास कुणाला फोन करायचा आणि किती दिवसांत दुरुस्ती होणार?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं प्रकल्पाचं भूमिपूजन होण्याआधी मिळायला हवीत. कुंपण पडल्यानंतर जागा बदलत नाही आणि फीडर दुसऱ्या गावाचा निघाला, तर प्रकल्प गावाच्या शिवारात असूनही हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच जावं लागेल.